सोमवारची सुट्टी

त्या वाचनालयाच्या फॉर्मचं तुम्हाला कधी सांगितलं नाही ना? लग्नाला तीन महिने झाले होते. लालबागमध्ये चार ओळखी होतील म्हणून मी सर्वेक्षणाला हो म्हटलं. पुढच्या दहा वर्षांत लोकांना वाचनालयाकडून काय हवं, ते विचारून लिहायचं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आधी त्या कोपऱ्यातल्या काकांना विचार. रोज उघडताना येतात आणि बंद करताना उठवावं लागतं."

काकांनी पेपर खाली केला. माझे सासरे!

आमची खोली एकच. नवरा रात्रपाळी करून सकाळी येतो. तो आला की बाबा चपला घालतात, "मंडळात जाऊन येतो" म्हणतात, आणि मी म्हणते, "सावकाश या, बाबा."

शेवटी तेच म्हणाले, "विचारा, मॅडम."

"काय वाचता?"

"खरं सांगू? चष्म्याचा नंबर वाढलाय. नुसता पेपर धरतो."

"मग वाचनालयाकडून काय हवं?"

"सोमवारी बंद ठेवू नका म्हणावं. सोमवारी हॉस्पिटलच्या ओपीडीत जाऊन बसतो. तिथे कुणी काही विचारत नाही."

मी तसंच लिहिलं. वाचनालयाच्या सेक्रेटरींनी फॉर्म चाळले आणि म्हणाले, "सोमवार एकट्यालाच हवाय. एकाच्या मागणीला लोकांची गरज म्हणत नाहीत."

पुढच्या सोमवारी नवरा आला. बाबांनी चपला घातल्या. "आज घरीच थांबा" असं म्हणायचं मी ठरवून ठेवलं होतं.

तोंडातून निघालं, "सावकाश या, बाबा."