पाईपाले गुंडाळलेला कापूस

या, जवळ सरका. उमरखेडच्या एसटीच्या रांगेत ऐकलेली गंमत सांगतो. पुढे मेकॅनिक उकंडा अन् त्याची बायको तुळसाबाई उभी होती.

तुळसाबाई म्हणाली, "घरची मोटार असून कीर्तनकार बुवांले आणाले एसटीनं चाललो!"

"म्या बनवलेली गाडी ठेंगणी, सायलेन्सर दगडाले घासे. म्हणून पाईप वळवून दाराजवळून वर काढला."

"अन् त्याले कापूस काहून गुंडाळला?"

"बुवांनं दांडा समजून धरला तर हात भाजन ना! कापसाले भाव तरी कुठी हाय?"

"काल तापून पेटला ना! गाडीत बसलेल्या बुवांचं उपरणं जळलं. आज कीर्तनाले येतीन का थे?"

"थांब, त्यायचाच फोन!"

"काय मने?"

"मने, 'कीर्तनाआधीच माही आरती केली गड्या! येतो, पण एसटीनं.'"

बाबांनो, आज आरतीले उभे राहाल तेव्हा उकंडाची आठवण ठेवा.