पानं पडू देत

नाही हो, गवताला माझा विरोध कधीच नव्हता! आधी नीट ऐकून घ्या, मग बोला. सन दोन हजार तेवीस, महिना सप्टेंबर, तोही सरत आलेला, इकडे अमेरिकेत, पार्सिपनीत, ज्याला फॉल म्हणतात तो ऋतू दाराशी येऊन ठेपलेला, आणि अशा त्या रविवारी सकाळी माझा मुलगा प्रितम गवताच्या बियाण्याची ही एवढी पिशवी गराजमध्ये आणून आपटतो आणि मला म्हणतो, "आई, मागचा पट्टा भरून टाकतो." भरून टाकतो! जणू काही किडकी दाढच!

आता पट्टा कोणता, ते सांगायला हवं. आमच्या मागच्या अंगणात शेडपासून कुंपणापर्यंत मातीची एक उघडी वाट आहे. ती कोणी आखलेली नाही, ह्यांच्या पावलांनी पडलेली आहे. ह्यांच्या म्हणजे धर्मराजांच्या. नाव घेते, त्यात लाजायचं काय, मी जुनी मॅट्रिक आहे. नागपुरातून वीज मंडळाची नोकरी संपवून आम्ही इकडे मुलाकडे आलो, तेव्हापासून सकाळची वंदना आटोपली की हे चंक्रमणाला बाहेर पडत. चंक्रमण म्हणजे तुमचं ते मॉर्निंग वॉक नव्हे! वॉकला गेलेला माणूस कुठेतरी पोचतो तरी. चंक्रमणात कुठे पोचायचंच नसतं. या टोकाकडून त्या टोकाकडे, अगदी सावकाश, उचललेल्या प्रत्येक पावलावर लक्ष ठेवून जायचं, क्षणभर थांबायचं, वळायचं, आणि परत. ऊन असो, बर्फ असो, ह्यांचा नेम चुकला नाही. शेवटी गवतानेच हात टेकले आणि तिथे उगवायचं सोडून दिलं. एप्रिलमध्ये हे गेले. वाट राहिली.

मग तुम्हीच सांगा, त्या वाटेवर बी टाकायला मी होकार द्यावा? पण नकार तरी कोणत्या तोंडाने द्यावा? घर मुलाचं, अंगण मुलाचं, आणि कारण विचारलं तर काय सांगायचं, की माती ठेव? तेवढ्यात शेजारचे देवांगभाई कुंपणावर हात टेकून हजर! त्या गृहस्थांनी कुंपण बहुधा त्यासाठीच घातलं आहे. "अरे प्रितमभाई, अभी मत डालो! ऊपर मेपल है, ओक है, सब पत्ता गिरेगा, नीचे छोटा छोटा घास दब के मर जायेगा! पहले पत्ता गिरने दो!" त्या माणसाचं एक वाक्य आयुष्यात प्रथमच माझ्या उपयोगी पडलं. मी ते तिथल्या तिथे उचललं. पानं पडू देत, मग बघू.

प्रितमचं उलटंच. तो इंटरनेटवर वाचून आलेला. "आई, गवत आत्ताच पेरतात गं, माती वॉर्म असते. पानं पडेपर्यंत थांबलो तर थंडी पडेल, मग काही उगवणार नाही." म्हणजे पेच कसा आहे पाहा! आधी पेरावं तर कोवळे कोंब पानांखाली गुदमरणार. पानं ओढायला दाताळं फिरवावं तर पानांबरोबर कोंबही उपटून येणार. आणि पानांची वाट पाहावी तर जमीन गारठणार! नागपुरात गवताला कोणी पेरलेलं मी तरी पाहिलं नाही. पाऊस पडला की ते आपलं येतं, मुहूर्त विचारत बसत नाही. पण मी काय बोलणार? पानं पडू देत, मग बघू!

आणि मग ते बियाण्याचं प्रकरण झालं, ज्यावरून घरात अजून माझी चेष्टा चालते. मी काय जगावेगळं केलं हो? बी जिवंत आहे की नाही हे पारखल्याशिवाय मातीत घालू नये, इतकंच माझं म्हणणं. म्हणून मटकीला मोड आणतात तसं ते भिजवलं, पंच्यात घट्ट बांधलं, ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून उबेला ठेवलं आणि रोज पाण्याचा हबका मारत राहिले. काय म्हणता, चिमूटभर घ्यायचं होतं? अहो, चिमूटभर पास झालं आणि बाकीचं नापास निघालं तर? परीक्षा घ्यायची तर सगळ्यांची घ्यावी! मी पिशवी रिकामी केली. आठवड्याने आमच्या सूनबाईंनी, उपासनाने, केक करायला ओव्हन उघडला आणि किंचाळली, "आई! हे काय हिरवं हिरवं?" प्रितम धावत आला, गाठोडं सोडतो तर आत दाट, लुसलुशीत कोंब! मटकीलासुद्धा इतके सुरेख येत नाहीत. "आई, अगं हे आता आजच्या आज पेरावं लागेल, आणि बाहेर मेपल गळायला लागलाय!" मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "मुद्दाम केलंस ना?"

मुद्दाम! मी! पंचाहत्तरी गाठलेली बाई असले उद्योग करील? नात हर्षिता खांदे उडवून म्हणते, "आजी, इट्स जस्ट ग्रास!" मी शांतपणे म्हटलं, "बाळा, बी उत्तम आहे एवढं सिद्ध झालं. नवी पिशवी आण. पण घाई नको. पानं पडू देत, मग बघू."

ऑक्टोबर आला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही सगळे विहारात जाऊन आलो, तोवर मेपल पार उघडा झाला होता. पण ओक! त्या झाडाने मला काय आधार दिला म्हणून सांगू! पानं वाळली, तांबूस झाली, वाऱ्यात खडखड वाजू लागली, पण सोडायचं नाव नाही. दर शनिवारी प्रितम तो पानं उडवायचा ब्लोअर घेऊन अंगण साफ करी आणि विचारी, "आई, आता?" मी म्हणे, "वर बघ." तो वर बघे आणि मुकाट्याने आत येई. माझं काम होत होतं, हो. मी रोज सकाळी माझ्या खोलीच्या खिडकीतून ती वाट पाहत होते.

मग थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, पोळ्यांची कणीक मळता मळता, उपासना हळूच म्हणाली, "आई, एक विचारू? सिंकसमोरच्या खिडकीचा पडदा एप्रिलपासून बंद आहे, तुमच्या लक्षात आलंय?" मला वाटलं, असेल यांची काही फॅशन! "प्रितम उघडू देत नाही. ती रिकामी वाट दिसली की त्याला घास गिळवत नाही. तो तुम्हाला कधी सांगणार नाही, म्हणून मी सांगते."

काय सांगू तुम्हाला... भाजी न चाखता मीठ कमी आहे हे ओळखणारी मी! आणि माझा मुलगा कोणत्या दुःखाने पडदे लावून बसला आहे, हे मला दिसू नये? ज्या मातीकडे पाहून मी दिवस काढत होते, त्याच मातीपासून तो तोंड लपवत होता, आणि मी त्याला सांगत होते, वर बघ!

शनिवारी प्रितमने काही विचारलंच नाही. चहा घेत बसला होता. मीच म्हटलं, "पेर आज."

"ओकवर पानं आहेत अजून."

"पडली."

"आई, अगं बघ ना, केवढी..."

"पडली म्हणते ना मी!"

देवांगभाई कुंपणावरून ओरडले, "माजी, अब तो जमीन एकदम ठंडी! बीज सो जायेगा, सीधा स्प्रिंग में उठेगा!" मी म्हटलं, "झोपू द्या त्याला. कोणी उठवायची गरज नाही."

प्रितमने माती खरवडली, बी टाकलं. ते मातीला चिकटावं म्हणून पायांनी दाबायचं असतं. तो शेडपासून निघाला. खाली मान घालून, एकेक पाऊल जपून टेकवत कुंपणापर्यंत गेला. क्षणभर थांबला. वळला... मी आणि उपासना दारात उभ्या होतो. एकदा दाबलं की पुरतं. तो दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा गेला. उपासना म्हणाली, "आई, त्याला सांगा ना, झालं म्हणून." मी म्हटलं, "तू आत जा आणि चहा टाक."

बऱ्याच वेळाने तो आत आला. डोळे लाल. म्हणे, "थंडी फार आहे बाहेर." मग बूट काढता काढता, माझ्याकडे न बघता, "आई, रोज सकाळी थोडं थोडं दाबून येत जाईन म्हणतो. बी नीट बसेल." मी म्हटलं, "हो, तेच बरं."

तर शनिवार, पंचवीस नोव्हेंबर, या दिवशी हे प्रकरण एकदाचं मिटलं. बी पेरलं गेलं, रीतसर पेरलं गेलं, माझी काही तक्रार नाही. फक्त तिथे गवत उगवेल, अशी आशा आता कोणी धरू नका!