पाटकर सरांचा वाडीवरचा फोटो

काकू, प्राचार्य सर, सगळे शिक्षक, माझ्याबरोबरचे आणि माझ्या मागून आलेले विद्यार्थी, आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेले लक्ष्मणदादा.

या शोकसभेत मला बोलायला लावू नका, असं मी दोनदा कळवलं होतं. तिसऱ्यांदा काकूंचाच फोन आला. घरात सुतक चालू असताना सरांच्या पत्नीने स्वतः फोन करायचा, आणि मी नाही म्हणायचं? काकू एवढंच म्हणाल्या, "रुचिता, तू बोल." का ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. काल अख्खा दिवस मी कागदावर लिहीत होते आणि फाडत होते. आता हातात कागद नाहीये. इतके सगळे आलेत, बाहेर व्हरांड्यातही उभे आहेत. सांभाळून घ्या.

माझ्या आधी पाच जण बोलले. सर किती साधे होते, किती वक्तशीर होते, कुळगावहून स्कूटरवर कसे यायचे. सगळं खरं आहे. पण मी साधेपणावर बोलायला आलेली नाही.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आपल्या कॉलेजात ऑनर सोसायटीची शाखा आहे. अशा शाखा जगभर आहेत, केनियात आहेत, फिलिपिन्समध्ये आहेत, पेरूमध्ये आहेत. चांगले मार्क, वर समाजसेवा, वर नेतृत्व, हे सगळं जमलं की बॅज मिळतो. पाटकर सर केमिस्ट्री शिकवायचे आणि सोसायटीचे मार्गदर्शक होते. दोन वर्षांपूर्वी मी तिची अध्यक्ष होते. माझ्यात नेतृत्वगुण आहेत असं मला शाळेपासून सगळे सांगत आलेले. सरांनी कधी सांगितलं नाही. ते म्हणायचे, "नेते नंतर व्हा. आधी वेळेवर या."

दर शनिवारी आम्ही सात जण सरांबरोबर बदलापूरच्या पुढे, बारवी रोडला एका वाडीवर जायचो. वीस-बावीस घरं. कुणाची भातशेती, कुणी जंगलात कामाला, कुणी अंबरनाथ एमआयडीसीत पाळीला. तिथे आम्ही काय करायचो? मुलांबरोबर बसून पुस्तक वाचायचो. बस, एवढंच. सर दुसरं काही करू द्यायचे नाहीत. मी म्हणायचे, सर, भिंती रंगवू, शिबिर घेऊ, बॅनर लावू. सर म्हणायचे, "पूनमला जोडाक्षरं येत नाहीत अजून. ती आली की भिंती बघू."

पूनम म्हणजे लक्ष्मणदादांची मुलगी. तेव्हा दुसरीत होती.

आता ऐका. दरवर्षी सगळ्या शाखा तीन मिनिटांची फिल्म करून मुख्यालयाला पाठवतात. आदल्या वर्षी आमची फिल्म पहिल्याच फेरीत बाहेर पडली होती. फिल्ममध्ये होतं काय? मुलं वाचतायत. धुतलेले कपडे, तेल लावून चापून बसवलेले केस. परीक्षकांनी खाली एक वाक्य लिहिलं होतं. या कामाची गरज दिसत नाही.

गरज दिसत नाही. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मला परदेशातल्या लीडरशिप कॅम्पला जायचं होतं, आणि ज्या शाखेला पुरस्कार मिळतो तिच्या अध्यक्षाला तिथे सहज घेतात. मी ठरवलं, गरज दाखवायची.

मघापासून तुम्ही सगळे या फोटोला फुलं वाहताय. फ्लेक्सवाल्याला हाच फोटो मिळाला, कारण कॉलेजच्या पेजवर सरांचा हा एकच चांगला फोटो आहे. सर हसतायत, भोवती वाडीची मुलं. जरा नीट बघा. मुलांचे पाय बघा. एकाच्याही पायात काही नाहीये. पुढच्या रांगेत डावीकडून दुसरी मुलगी बघा. तिचे दोन्ही हात पाठीमागे आहेत. ती पूनम. तिच्या हातात चपला आहेत. तिच्या वडिलांनी आदल्याच आठवड्यात उल्हासनगरहून आणलेल्या, पाऊल टाकलं की टाचेत लाल लाइट लागणाऱ्या. बाकीच्यांनी आपापल्या चपला झाडामागे टाकल्या. तिने टाकल्या नाहीत. "बाय, नव्या हायेत," ती मला म्हणाली. मी म्हटलं, हो गं, पाच मिनिटं फक्त, मागे धर.

मी म्हटलं. मी.

सर तेव्हा तिथे नव्हते. अंगणवाडीच्या ताईंकडे गेले होते. फिल्म झाल्यावर, शेवटच्या फोटोला आले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "चपला कुठे गेल्या यांच्या?" मी म्हटलं, सर, खेळत होते, काढून ठेवल्यात. सरांनी विश्वास ठेवला. आपला विद्यार्थी तोंडावर खोटं बोलेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. म्हणून ते या फोटोत असे हसतायत.

फिल्मच्या मागे इंग्रजीत जो आवाज आहे तो माझाच. या मुलांनी आयुष्यात कधी चपला घातल्या नाहीत, असं त्यात एक वाक्य आहे. ते मी लिहिलं. आम्हाला पुरस्कार मिळाला. याच हॉलमध्ये पडद्यावर आपण सगळ्यांनी तो ऑनलाइन सोहळा बघितला. देशोदेशीची मुलं टाळ्या वाजवत होती, इथे तर शिट्ट्या. सर या कडेला उभे होते. त्यांनी फिल्म तेव्हाच पहिल्यांदा बघितली. त्यांनी टाळी वाजवली नाही. माझ्याकडे बघितलं, आणि मी दुसरीकडे बघितलं.

ती फिल्म लक्ष्मणदादांना कुणीतरी कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर दाखवली. चार लोकांत.

पुढच्या शनिवारी आम्ही वाडीवर गेलो तर दादा रस्त्यावर उभे. मागे अख्खी वाडी. दादा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "माझी पोर अनवानी हाय? मी तिला चपला नाय घेत? कुनी काढायला लावल्या?"

आम्ही सात जण होतो. बाकीचे सहा आज इथेच बसलेत. त्यांची नावं मी घेणार नाही, घाबरू नका. आम्ही सगळे मूग गिळून उभे राहिलो. मी सगळ्यात पुढे होते. दादा माझ्यापासून हातभर अंतरावर होते. तोंड उघडायचं, एक शब्द बोलायचा, एवढंच काम होतं. पुढच्या आठवड्यात माझा इंटरव्ह्यू होता.

सर पुढे झाले. म्हणाले, "मी सांगितलं काढायला."

दादा, तुम्ही त्या वेळी सरांना काय काय बोललात ते मी इथे सांगत नाही. तुमचा हक्क होता. सर मान खाली घालून ऐकत राहिले. मुलांना शिकवणारा माणूस, पंचावन्न वर्षांचा, पूनमच्या समोर मान खाली घालून उभा. आणि मी शेजारी, छातीवर बॅज लावून.

परत येताना मी सरांच्याच रिक्षात बसले. मी शेवटी विचारलं, सर, तुम्ही का? ते म्हणाले, "तुम्हाला तिथे मी नेलं." मग म्हणाले, "तुला सांगावंसं वाटेल तेव्हा तू सांग. मी तुझं नाव घेणार नाही." नाव घेणार नाही म्हणाले. माफ केलं, असं म्हणाले नाहीत. मला मात्र तेव्हा वाटलं, चला, सुटले.

मी इंटरव्ह्यू दिला. कॅम्पला गेले. तिथे मला नेतृत्व म्हणजे काय यावर बोलायला लावलं. मी वाडीबद्दल बोलले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मी हसून मान झुकवत होते. आज हे सांगताना मला स्वतःची किळस येते. येऊ दे.

आणि सर? वाडीने सांगितलं होतं, तुम्हीही यायचं नाही. तरी ते गेले. शनिवार चुकवायचा नाही. वाडीच्या अलीकडे रस्त्याला मोरी आहे, तिच्या कठड्यावर पुस्तकं घेऊन बसायचे. दोन तास बसायचे आणि निघायचे. तीन महिने. मग एका शनिवारी पूनम येऊन त्यांच्या शेजारी बसली. मग दुसरी दोन आली. मग वाडीने सांगितलं, गुरुजी, तुम्ही या, पण एकट्याने. फोन नको आणि पोरंपोरी नकोत.

वाडीने त्यांना शिकवू दिलं. माफ केलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणी पाणी विचारायचं नाही. लक्ष्मणदादा समोरून आले तर तोंड फिरवून जायचे. हे सगळं मला काकूंनी परवा, मी घरी भेटायला गेले तेव्हा सांगितलं. सर घरी म्हणायचे, "लक्ष्मण अजून बोलत नाही माझ्याशी." शेवटचे चार दिवस हॉस्पिटलात होते, तेव्हाही विचारलं, "वाडीवरून कुणी येऊन गेलं का?" कुणी गेलं नव्हतं. कसं जाणार?

या दोन वर्षांत सर मला जिथे भेटायचे तिथे एकच विचारायचे, "शनिवारी मोकळी आहेस का?" कॉरिडॉरमध्ये, लायब्ररीत, निकालाच्या दिवशीसुद्धा. चोराच्या मनात चांदणं. मला कळायचं ते काय विचारतायत. मी म्हणायचे, सर, क्लास आहे. सर, घरी पाहुणे आहेत. दोन महिन्यांपूर्वी शेवटचे भेटले, उल्हासनगरच्या कॅम्प चार भागात, झेरॉक्सच्या दुकानात. मोठ्या अक्षरांतल्या गोष्टींचे कागद लॅमिनेट करून घेत होते. सिंधी दुकानदार त्यांना म्हणाला, "साईं, आप हर हफ्ते आते हो, स्कूल खोला है क्या?" सर हसले. मग मला म्हणाले, "शनिवारी मोकळी आहेस का?" मी म्हटलं, इंटर्नशिप आहे सर. ते म्हणाले, "बरं."

शनिवारी इंटर्नशिपला सुट्टी असते.

प्राचार्य सर, तुमची चिठ्ठी मिळाली. "समारोप करा" लिहिलंय. करते. दोन मिनिटं द्या. मला माहितीये, तो पुरस्कार तुमच्या ऑफिसात फ्रेम करून लावलाय, आणि कॉलेजच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर आहे. मी काल रात्री मुख्यालयाला सगळं लिहून कळवलंय. फिल्म कशी केली, आवाज कुणाचा, कुणी काय सांगितलं. तो पुरस्कार परत घ्या म्हणून लिहिलंय. तुम्हाला विचारून केलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं, आणि मी थांबले असते. मला थांबायला निमित्तच लागतं.

लक्ष्मणदादा.

तुम्ही पाळी संपवून तसेच आलात, कपडेही बदलले नाहीत. वाडीवरून तुम्ही एकटेच आलात. मघाशी दारात मी तुम्हाला विचारलं, तर म्हणालात, "पोरीनं धाडलं. बोलली, गुरुजींना बघून ये." म्हणजे तुम्ही स्वतःहून आलेला नाहीत. मला समजतं.

दादा, सर तुमच्याशी एकदा खोटं बोलले. माझ्या समोर बोलले, माझ्यासाठी बोलले. तुमच्या पोरीला चपला काढायला त्यांनी सांगितलं नाही. त्यांना माहीतही नव्हतं. मी सांगितलं. ज्या माणसाकडे बघून तुम्ही दोन वर्षं तोंड फिरवलंत, त्याने तुमच्या पोरीचा कधीही अपमान केला नाही. तो राग माझा होता. माझ्या नावाचा राग त्यांनी दोन वर्षं घेतला, आणि घेऊनच गेले. आता मी कितीही बोलले तरी ते त्यांच्या कानावर पडणार नाही. तुमच्या पडेल. म्हणून बोलतेय.

मी माफी मागत नाहीये. मागायची ती वाडीवर येऊन मागेन, सगळ्यांसमोर, पूनमसमोर. तुम्ही येऊ दिलंत तर. आज मला फक्त सरांचं नाव तुमच्यापाशी स्वच्छ करायचं होतं. बाकीच्या या एवढ्या लोकांपाशी ते स्वच्छच होतं. ते मळलं होतं फक्त तुमच्या वाडीत, आणि सरांना नेमकी तेवढीच जागा हवी होती.

आता आपण उभे राहू. मोबाइल बंद करा. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.

सर, फार उशीर केला मी. नमस्कार करते.

दादा, तुम्हाला उठा असं मी म्हणणार नाही. उठलात तर त्यांच्यासाठी उठा, माझ्याकडे बघू नका. आणि नाही उठलात, तरी आता खरं काय ते माहीत असून बसलेले असाल. एवढंच द्यायचं राहिलं होतं.