झोक्यावरची घागर

सई आणि आर्यन, यंदा तुम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येणार आणि धुळ्याहून पिंपळनेरपर्यंत गाडी स्वतः चालवणार, असं कळलं. मागे कॅमेरा आहे, आजी, काळजी नको, असंही तुम्ही फोनवर म्हणालात. म्हणून आताच लिहिते आहे. तुमच्या आजोबांची बहीण, आपली अक्का, परवा माझ्याकडे बसून जे बोलली, ते तिच्याच शब्दांत ठेवलं आहे; त्यातली वहिनी म्हणजे मी.

माझा जन्म पहूरचा, वहिनी, ते तुम्हाला काय सांगायचं, पण सुरुवातीपासून सांगते. पिंपळनेरला लग्न होऊन आले तेव्हा अंगणातला निंब मनगटाएवढा होता, सासरे म्हणायचे, तुझ्या लेकी याच्यावर झोका घेतील, आणि घेतला. आखाजीला लेक माहेरी आली की झोका बांधायचाच, बाकी काही असो नसो. रेखा माझी एकच लेक, सासरी कामातून मान वर होत नाही तिची, वर्षभर त्या झोक्याची वाट पाहते.

गेल्या साली सुनीलनं, माझ्या मुलानं, गाडी घेतली. नारळ फुटला आणि हा गल्लीला कॅमेऱ्याचा आतला पडदा दाखवत बसला. मांगलं बठ्ठं दिखस, माय, म्हणे, मागचं सगळं दिसतं, हिरवी रेषा म्हणजे लांब, पिवळी म्हणजे जपून, लाल आली की थांबायचं. मी म्हटलं, अरे, उतरून बघावं माणसानं. तर हसला. पाण्यानं भरलेली घागर मागे जमिनीवर ठेवली, गाडी मागे घेतली, आणि वीतभर आधी थांबवली. बायांनी टाळ्या वाजवल्या. रेखा म्हणाली, भाऊ, उद्या घागरीच्या जागी तुझ्या बायकोला उभी कर. काय हसलो आम्ही. मला मात्र ती घागर तशी एकटी उभी बरी वाटली नाही, का ते विचारू नका.

मग आखाजीची दुपार. ऊन असं, की गाडीच्या दाराला हात लावता येईना. रेखा झोक्यावर, सून शेजारी खाटेवर, दोघी मोठ्यानं गाणं म्हणत होत्या. सुनील म्हणाला, गाडी निंबाच्या सावलीला लावतो. सून उठायला लागली तर आतूनच ओरडला, उठू नका, बठ्ठं दिखस. म्हणून कोणी उठलं नाही. काय सांगू तुम्हाला, गाडी पीं पीं करत मागे येतेय, रेखा पाठमोरी, पाय उचललेले, झोका मागे जातोय, पुढे येतोय, आणि दर वेळी मागे जाताना गाडी जरा अजून जवळ. मी ओसरीवरून ओरडले, थांब रे सुनील! गाण्यात माझा आवाज बुडाला. पाटाला धक्का बसला, दोर पिळला, रेखा खाली पडली आणि चाक तिच्या पायावर येऊन थांबलं. गाणंही थांबलं. पीं पीं तेवढी चालू राहिली.

धुळ्याला नेलं, पायात सळई घातली. सुनील जेवेना. मग एका सकाळी त्यानं तीच घागर आणली, या वेळी झोक्याच्या पाटावर ठेवली, गाडी तिच्याजवळ घेतली आणि मला आत बसवलं. बघ माय, म्हणे. पडद्यावर घागर पिवळ्या रेषेवर, चांगली लांब. उतरून पाहिलं तर घागर आणि गाडीच्या मध्ये माझा हात मावेना. रेषा जमिनीच्या आहेत, माय, तो म्हणाला, वर टांगलेलं जवळ असलं तरी लांब दिसतं. मला ती लांब दिसत होती, माय. लांब दिसत होती. किती वेळा तेच.

आता तो आधी उतरून मागे चक्कर मारतो. तरी ती पीं पीं ऐकली की सून हातातलं टाकून अंगणात धावते, आणि रेखा जिथे असेल तिथे भिंतीला टेकते. मुलांना सांगा, वहिनी, उतरून बघा म्हणावं, देव त्यांना सुखरूप आणो.

यंदा झोका नको म्हटलं मी. तर रेखानं सासरहून नवा दोर पाठवलाय. लंगडते ती, जिना चढवत नाही तिला. निंब तसाच आहे. आणि रेखा आहे, तर झोका बांधायचाच.