इंदूआत्या आणि सात माणसांची गाडी

मंडळी, पूर्वरंगात आपण सेवेचा विचार केला. आता आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मला देऊ नका, मनात ठेवा. घरात जो मोठ्यानं मागतो, त्याला काय हवं ते साऱ्या गल्लीला कळतं. पण जो मागतच नाही, त्याला काय हवंय ते कसं कळायचं? त्याच्या तोंडाकडे बघून? अंदाजानं? की आपण शहाणे, आपल्याला सगळं आधीच ठाऊक आहे म्हणून?

ऐका तर. तुम्हाला वाटलं असेल, बुवा आता एखाद्या राजाची गोष्ट काढणार. नाही. आज गाडीची गोष्ट आहे. चार चाकांची, पेट्रोलवर चालणारी. ते बघा, पेटीवरचे जोगदेव हसले. हसा. देवाला रथ चालतो, मग सोवन्यांनी काय बैलगाडीतच बसायचं?

तर कोकणातल्या एका गावात सोवनी कुटुंब होतं. माणसं सात. थोरले अरविंददादा, त्यांचा जांभ्या दगडाचा धंदा, आवाजही दगडासारखाच. धाकटे मुकुंद मास्तर, शाळेत भूमिती शिकवायचे. दोघांच्या बायका, नलिनीवहिनी आणि वैजयंती. मास्तरांच्या दोन मुली. आणि या सगळ्यांच्या वर, ऐंशी ओलांडलेल्या इंदूआत्या. या आत्यानंच दोघा भावांना लहानाचं मोठं केलेलं.

आता या घराचा एक रिवाज नीट ध्यानात घ्या, कथेचा सगळा भार त्याच्यावर आहे. यांची कुलस्वामिनी घाटावर. दर चैत्रात सगळ्यांनी मिळून दर्शनाला जायचं. नैवेद्याच्या पुरणपोळ्या घरून करून न्यायच्या, पितळेच्या डब्यातून. आणि तो डबा गाडीच्या जमिनीवर टेकवायचा नाही! घरातल्या मोठ्या बाईच्या मांडीवरूनच तो देवीपर्यंत जायचा. आजवर तो आत्याच्या मांडीवरून गेला. आत्या म्हणजे डबा आणि डबा म्हणजे आत्या, असंच झालं होतं.

मग मागच्या वर्षी काय झालं? भाड्याची गाडी आणली. उंच! दारात उभी राहिली तेव्हा अंगणातल्या तुळशीवर सावली पडली. सगळे चढले. आत्यांनी पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि गुडघ्यानं नाही म्हटलं. पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. तेवढ्यात अरविंददादा मागून आले. ‘थांब आत्या’ म्हणाले आणि ड्रायव्हरच्या मदतीनं तिला उचलून आत ठेवलं. कसं? पोतं ठेवतात तसं. समोरच्या घरातली माणसं पडवीत उभी होती. आत्या हसल्या. ‘बाई गं, लग्नात कुणी उचललं नाही ते आता उचललं’ असं म्हणाल्या. सगळे हसले. हसले नाहीत ते फक्त मुकुंद मास्तर. कारण त्यांनी आत्याचा हात पाहिला. विस्कटलेला पदर तो पुन्हा पुन्हा गुडघ्यावर ओढत होता.

देवीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी आत्यांनी वैजयंतीला बोलावलं. ‘पुढच्या वर्षीपासून डबा तुझ्या मांडीवर हो. नलिनीला घाटात गाडी लागते. मी घर सांभाळीन. रिकामं घर बरं नव्हे.’

बास. इतकंच बोलल्या. वाद नाही, रडणं नाही. घरानंही मान डोलावली. म्हातारं माणूस, दगदग नको, असं सगळ्यांना वाटलं. किती सोयीचं वाटतं बघा आपल्याला दुसऱ्याचं मन मारणं, त्यानं स्वतःच मारलं की!

यंदा ठरलं, भाड्याची गाडी नको, घरची घ्यायची. आणि घरात दोन पक्ष पडले.

अरविंददादा म्हणाले, “गाडी म्हणजे एसयूव्ही. उंच, भक्कम. घाटात समोरच्यानं बघून बाजूला झालं पाहिजे.”

वैजयंती म्हणाली, “भाऊजी, समोरच्याला बाजूला करायला जायचंय की देवीला? मला व्हॅन हवी. सरकती दारं, ऐसपैस जागा, मुलींचे पाय मोकळे.”

“व्हॅन? लोक विचारतील, सोवन्यांनी शाळेची पोरं सोडायचा धंदा काढला का.”

“काढला तर काढला. निदान पोरं वेळेवर तरी पोचतील. तुमच्या दगडाचे ट्रक पोचतात का?”

नलिनीवहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. आणि मग सगळे वळले मास्तरांकडे. “मुकुंदा, तू सांग.”

मास्तरांना चारचौघांत काही सांगायचं म्हणजे संकटच. या स्वभावाची माणसं तुम्ही पाहिली असतील. मीही पाहिली आहेत, आरशात. ते म्हणाले, “बघतो. जरा अभ्यास करतो.”

आणि खरोखरच अभ्यास सुरू केला! तालुक्याच्या गावी शोरूम होत्या. शाळा सुटली की मास्तर तिकडे. गाडीचं इंजिन बघायचे नाहीत, रंग बघायचे नाहीत. दार उघडायचे, वाकायचे आणि जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंत टेप लावायचे. मग आसनापर्यंत. शोरूममधली मुलगी घाबरली. तिला वाटलं, हे सरकारी माणूस.

तिथेच त्यांना तिसरा प्रकार दिसला. क्रॉसओव्हर. सात जणांची, अंगानं मोठी, दिसायला एसयूव्हीसारखी. पण बांधणी साध्या मोटारीची. म्हणून तळ खाली, आसन फार वर नाही, फार खोलही नाही. मास्तर दार उघडून कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. ही चालेल, असं त्यांना वाटलं. पण वाटणं म्हणजे सिद्धता नव्हे. भूमितीचा माणूस. आत्याचा पाय नेमका किती उचलतो? गुडघ्यापासून तळव्यापर्यंत अंतर किती? ते कळल्याशिवाय शब्द कसा टाकायचा? चुकलं तर? सगळ्या घरानं गाडी घेतली आणि आत्या पुन्हा दारात उभी राहिली तर?

आता तुम्ही म्हणाल, बुवा, यात अवघड काय? आत्यालाच विचारायचं की, ‘आत्या, पाय किती उचलतो गं?’

हेच तर मास्तरांना जमेना. त्यांना वाटलं, विचारलं म्हणजे तिच्या दुखऱ्या गुडघ्यावर बोट ठेवलं. तिला मागच्या वर्षीचं सगळं आठवणार. नको. तिला कळूही न देता करावं. प्रेम होतं हो, खोटं नाही. पण भित्रं प्रेम होतं. आणि भित्र्या प्रेमाच्या हातून काय होतं, ते आता ऐका.

दुपारची वेळ. माजघरात आत्या चटईवर पडल्या होत्या. उताण्या, पाय सरळ, डोळे मिटलेले. मास्तर अनवाणी आत आले. हातात सुतळी. टेपचा खळखळ आवाज होतो म्हणून सुतळी! गुडघे टेकून बसले. सुतळीचं एक टोक आत्याच्या टाचेशी धरलं, दुसरं हळूच वर नेलं…

आणि आत्यांनी डोळे उघडले.

मंडळी, निजलेल्या माणसाच्या अंगाशी आपल्याकडे दोरी कधी धरतात? मी बोलत नाही. तुम्हाला कळलं. त्या आज्जी कानाला हात लावताहेत, त्यांनाही कळलं.

आत्या म्हणाल्या, “कशाचं माप घेतोस रे मुकुंदा?”

मास्तर चटकन उठले. “काही नाही आत्या. तू नीज.” आणि सुतळी मुठीत गोळा करून ते बाहेर निघून गेले.

घोटाळा एवढ्यावर थांबता तर बरं. पण त्याच सुमारास आत्याचं रक्त तपासायला दिलेलं होतं. रिपोर्ट चांगला आला होता, म्हणून कुणी त्याची वाच्यता केली नव्हती. चांगली बातमी सांगायला आपण कधी धावतो? आत्यांनी दोन आणि दोन जोडले. रिपोर्टात काहीतरी आलंय, सगळे लपवताहेत, आणि या वेड्या मुकुंदाला तिरडीची घाई झालीय!

दुसऱ्या दिवशी आत्यांनी थोरल्या नातीला आपली इरकली साडी दिली. ‘नेस गं, मला आता जड होते.’ धाकटीला चांदीचा करंडा. वैजयंतीला चुलीपाशी उभं करून पुरणाला गूळ किती, जायफळ कधी, हे सगळं शिकवलं. जेवण अर्ध्यावर आलं. घरातली माणसं म्हणाली, आत्या किती मायाळू झाल्यात हल्ली.

मास्तर मात्र बघत होते. त्यांना सगळं कळत होतं. ताटावर बसले की घास तोंडात नुसता फिरायचा. आता सांगतो, ठरवायचे. आत्याच्या खोलीच्या दाराशी जायचे आणि ‘पाणी हवं का?’ विचारून परत यायचे. वर्गात वर्तुळ काढायचे आणि केंद्रच विसरायचे. आपल्या एका न बोललेल्या वाक्यापायी एक जितंजागतं माणूस रोज थोडं थोडं निरोप घेतंय, हे बघत राहायचं! आठवडाभर! याहून मोठी शिक्षा असते का?

इथं माझी एक साकी म्हणतो. मीच जुळवलेली आहे, लंगडली तर जोगदेवांनी सावरून घ्यावी.

मुखी न मागे कोणापाशी, मनी साठवी हाका।
जवळ बसोनी हळूच त्याचे बोल अबोले ऐका॥

मग एके सकाळी चहाच्या वेळी आत्यांनी अरविंददादांना हाक मारली. सगळे तिथेच होते.

“अरविंदा, मला एकदा देवीला ने. चैत्राची वाट नको बघू. गाडी उंच असली तरी चालेल. उचलून ठेव हवं तर. एवढ्या वेळचं मला काही वाटायचं नाही.”

दादा गडबडले. “एवढ्या वेळचं म्हणजे काय आत्या?”

आत्या बशीतला चहा फुंकत राहिल्या.

आणि मास्तर उभे राहिले. हातातला कप हिंदकळला, चहा धोतरावर सांडला. “आत्या, ते माप… ते तुझ्या पायाचं होतं. गाडीत तुझा पाय चढतो का ते बघायला. तुला उचलायला लागू नये म्हणून. रिपोर्ट चांगला आहे गं तुझा.”

आत्यांनी बशी खाली ठेवली. मास्तरांकडे बघितलं.

“मेल्या,” त्या म्हणाल्या, “आठवडाभर मी मरायची तयारी करतेय. करंडा देऊन बसले. पाय माझा, आणि विचारलंस कुणाला? सुतळीला?”

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. वैजयंतीच्याही. धाकटी हळूच म्हणाली, “आज्जी, करंडा परत हवाय?”

“राहू दे. दिला तो दिला. साडी मात्र परत आण.” आणि आत्या उठल्या. “चला. मला दाखवा त्या गाड्या.”

निघाली वरात शोरूमला! आत्यांनी पितळेचा डबाही बरोबर घेतला, आत तांदूळ भरून, खऱ्या वजनाचा.

आधी एसयूव्ही. आत्यांनी दांडी धरली, पाय उचलला. नाही. दादा सवयीनं पुढे झाले. आत्यांनी नुसतं वळून पाहिलं आणि दादांचे हात तिथल्या तिथे खाली आले. आपले हात कुणाला टोचू शकतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं असावं.

मग व्हॅन. आत शिरल्या, झटक्यात. वैजयंतीचा चेहरा फुलला. पण आसन खोल आणि बुटकं. उठायची वेळ आली तेव्हा सगळा भार गुडघ्यांवर. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा वैजयंतीनंच हात दिला. “जाताना राणी, उतरताना म्हैस,” आत्या म्हणाल्या. वैजयंतीनं स्वतःच दार सरकवून बंद केलं.

राहिली क्रॉसओव्हर. मास्तरांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. आत्यांनी गाडीकडे पाठ केली. ओट्यावर टेकावं तशा आसनावर टेकल्या. मग एक पाय आत, दुसरा पाय आत. झालं! कुणाचा हात नाही, कुणाचा आधार नाही. पुन्हा उतरल्या, पुन्हा बसल्या. तीनदा. शोरूमच्या मुलीला म्हणाल्या, “ही आमच्या पडवीच्या उंचीची आहे.”

पण मास्तरांचा जीव अजून टांगलेलाच. त्यांना माहीत होतं, या गाडीच्या मागच्या ओळीत जागा कमी. तिथं बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागणार. ते चाचरत म्हणाले, “मागे जरा… अडचण होईल. मी बसेन.”

दादांनी आत डोकावून बघितलं. मधलं आसन पुढे केलं आणि तो एवढा मोठा माणूस वाकून मागच्या ओळीत शिरला. आतून आवाज आला, “जाताना मी. येताना मुकुंदा तू. वैजू, सरकत्या दाराचं विसर आता.”

वैजयंती म्हणाली, “विसरले. पण तुम्हाला बाहेर काढायला जेसीबी मागवावा लागेल, भाऊजी.”

संपली कथा? मास्तरांना वाटलं, संपली. त्यांनी डबा उचलला आणि मोठ्या समाधानानं आत्याच्या मांडीवर ठेवायला गेले. आत्यांनी हात आडवा धरला.

“तो वैजूकडे दे.”

“आत्या? आता तर तुला बसता येतंय.”

“बसता येतंय म्हणूनच. अरे, तुम्ही दोघं पोरं होतात तेव्हापासून हा डबा देवीला नेतेय. दर वेळी खाली मान, डबा कलंडेल म्हणून. घाट कसला असतो ते मी पाहिलेलंच नाही. यंदा मला खिडकी हवी. डबा सांभाळायचा कंटाळा आला होता रे, पण घरी राहायचं नव्हतं मला.”

बघा मंडळी. मास्तरांनी पाय मापायला घेतला. तळ मापला, आसन मापलं. सगळं बरोबर आलं. आणि तरीही आत्याला काय हवं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं! ज्या आत्याला डबा गेल्याचं दुःख आहे असं मास्तर समजत होते, तिला डबा नकोच होता. तिला यायचं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कुणालाच सुचलं नाही. सुचणार कसं? विचारलंच नव्हतं.

मंडळी, मी फार शहाणपणा सांगणारा माणूस नव्हे. ही कथा मला नीट सांगता आली की नाही, याचीही शंकाच आहे. पण एवढं विचारतो. आज इथून घरी जाल. घरात एक माणूस असेल, जे म्हणतं, ‘माझं काय, मला काहीही चालेल.’ त्याच्यासाठी तुम्ही पंखा आणला असेल, औषध आणलं असेल, मऊ गादी आणली असेल. सगळं त्याच्या भल्याचं. त्याच्याजवळ जाऊन बसा. काही आणू नका, काही ठरवू नका. विचारा. आणि विचारल्यावर लगेच उठू नका हो. अशा माणसांना उत्तर द्यायची सवय राहिलेली नसते. त्यांना जरा वेळ लागतो.