बरं वाटलं तरी जायचं

माझं नाव विमल. माहेर सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठी, बाप कालव्यावरच मजुरीला जायचा, आमी पाच बहिणी अन् सगळ्यात धाकटी मी, म्हून मला सातवीपस्तोर शिकू दिलं, थोरल्या चौघींना न्हाई शिकवलं. लग्न करून आले ती जवळा बाजारच्या अलीकडं, या गावात. मालक गवंडीकाम करायचे, घरात आत्याबाई म्हणजे माझी सासू, मग संगीता झाली, अन् ती दोन वर्साची असताना मी अंगणवाडीत मदतनीस म्हून लागले. लेकरं घरोघरून गोळा करून आणायची, झाडून घ्यायचं, उसळ शिजवून खाऊ घालायची. काय सांगू तुमाला ताई, बौद्धवाड्यातली बाई शिजवती म्हून पैले पैले काही जणी लेकरं पाठवायच्याच न्हाईत. पण आमच्या अंगणवाडीच्या बाई, त्या गावातल्या मोठ्या घरच्या, त्या सगळ्यांच्या देखत आधी सोता माझ्या हातची उसळ खायच्या. मग येऊ लागली लेकरं.

असं सगळं बराबर चालू होतं अन् हे दुखणं लागलं. परसाकडला गेलं की रगत पडायचं. पोटात कळ आली की दम धरवत न्हाई, उसळ चुलीवर तशीच सोडून तांब्या घेऊन पळायचं, दिवसातून दहा-दहा खेपा. तवा आमच्या आळीत कोणाकडंच संडास नव्हता, समद्या बाया ओढ्याकडं जायच्या, अन् भर दिवसा आडोसा कुठं मिळावा. अशी लाजेची गोष्ट मी मालकालाबी सांगितली न्हाई. आत्याबाईनंच वळखलं. म्हणल्या मूळव्याध हाय, माझ्या बहिणीला होती, अन् कुठून कुठून पाला आणून वाटून द्यायच्या, मी प्यायचे. वर्स गेलं त्यात. अंगात रगतच राहिलं न्हाई, अन् एक दिवस उसळीच्या पातेल्याजवळच चक्कर येऊन पडले.

मग गावात सुरू झालं, हिला घाण रोग हाय, लेकरांना लागंल, हिच्या हातचं नको. ज्यांना आधीपसून नको होतं त्यांना निमित्त भेटलं. अंगणवाडीच्या बाई घरी आल्या, मला वाटलं काढून टाकायलाच आल्या. तर मालकाला म्हणल्या, हिला नांदेडला न्या, अन् डॉक्टरकडून लिहून आणा रोग लागतो का न्हाई ते.

नांदेडच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून तपासलं. म्हणले मूळव्याध न्हाई, मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्यात, अंगच आपल्या आतड्याशी भांडून राहिलं, हा रोग कोणाला लागत न्हाई, पण जातबी न्हाई, गोळ्या कायम खायच्या. तसं कागदावर लिहून दिलं. बाईनं तो कागद अंगणवाडीच्या भिंतीलाच लावला, अन् मला दुसऱ्या दिवशी म्हणल्या, लाव चूल.

गोळ्यांनी रगत थांबलं. त्यातल्या एका गोळीनं गाल असे फुगले, की लोकं म्हणायची विमल मातली. आता चुकी माझी सांगते. सहा महिन्यात बरं वाटलं तशा समद्याच गोळ्या सोडल्या, मनात म्हणले दुखत न्हाई तर काहून खाऊ. पुढच्या साली पैल्यापेक्षा जोरात उठलं. नांदेडला भरती केलं, दोन बाटल्या रगत चढवलं. डॉक्टर रागावले न्हाईत, नुसते म्हणले, विमलबाई, तुमच्या जिवाशी तुमीच खेळू नका. पंधरा दिवसांनी घरी आले तर मालकानं घरामागं खड्डा खंदून, विटा रचून संडास बांधून ठेवलेला. आमच्या आळीतला पैला. दाराची कडी तेवढी लावून दाखवली. मी तिथंच भिंतीला धरून रडले.

त्यानंतर मातर गोळी चुकवली न्हाई. वर्सभरात एकदम बरी झाले, जेवण पचायला लागलं, अन् डॉक्टर म्हणले आता पुन्हा दुर्बीण करू. आँ? मी म्हणले बरी हाय तर काहून? अन् ताई, ते सोपं नसतं, आदल्या दिवशी नुसतं वरणाचं पाणी प्यायचं, वर जुलाबाचं औषध घ्यायचं, जुलाबानंच बेजार झालेल्या बाईला पुन्हा जुलाब. अन् परक्या माणसापुढं पडायची लाज वायलीच. मी जायाचं न्हाई म्हून बसले. तवा आत्याबाई म्हणल्या, विमल, बैलाच्या खांद्याला जू घासून आवाळू येतं, ती गाठ फुटती, वरून खपली धरती, आपण म्हणतो बरा झाला अन् जू ठेवतो, मग आतून पू निघतो. खपली बघून जू ठेवू नये. मागं मी तुला पाला पाजून वर्स घालवलं, आता मीच येते तुझ्यासंगं. मालक कामावर होते, आमी सासू-सुना दोघी वसमतवरून नांदेडला गेलो, मी उपाशी, तर त्याबी वाटंत काही खाल्लं न्हाई.

डॉक्टरनं दुर्बीण घातली अन् तिचा टीव्ही आमच्याकडं वळवला. आतडं दिसलं, ठेचकाळलेल्या गुडघ्यावानी लालभडक, ओलं. मला काही दुखत नव्हतं, अन् आत हे असं. डॉक्टर म्हणले, म्हून तर बघावं लागतं, तुमाला वाटतंय तेवढं ते बरं न्हाई, आता गोळ्या कमी केल्या असत्या तर पुन्हा उठलं असतं. आणखी एक गोळी वाढवली, तिच्यापायी महिन्याच्या महिन्याला वसमतला जाऊन रगत तपासायचं. दीड वर्स केलं तसं. मग तिसऱ्यांदा दुर्बीण, अन् त्या खेपेला आतडं कसं दिसलं सांगू, फिकट गुलाबी, अन् त्यात बारीक बारीक शिरा, पिंपळाच्या पानावर असतात तशा. डॉक्टर म्हणले, या शिरा दिसल्या म्हणजे जखम भरली. बारीक तुकडा काढून तपासला, तोबी चांगला आला. आत्याबाई डॉक्टरला म्हणल्या, मग आता ठेवू का जू हिच्यावर? समदे हसले. डॉक्टर म्हणले ठेवा, पण गोळी सोडू देऊ नका.

त्याला आता बरीच वर्सं झाली. मधात आमचा हिंगोली जिल्हा झाला, संगीताचं लगीन झालं, आत्याबाई गेल्या. गोळी चालू हाय, मरेपस्तोर राहील. डॉक्टर म्हणतात, जुन्या दुखण्यात पुढं आतड्यात कॅन्सरची गाठ धरायचं भ्याव असतं, म्हून आता दोन वर्साला बघायचं. कधी कधी वाटतं, हे काय जन्माचं मागं लागलं. मग वाटतं, लागलं तर लागलं, मी तर जगून राहिले ना. पुढच्या महिन्यात जायचं हाय. काही तकलीफ न्हाई सध्या, बरंच वाटून राहिलं, तरी जाते. तुमाला न् तुमच्या लेकराबाळांना असलं कधी न होवो ताई. अन् झालंच, तर बरं वाटलं तरी जा म्हून सांगायला कोणीतरी आपलं माणूस जवळ असू द्या.