आमच्या कॅप्टनचा डायलॉग

परवा मुखेडला टपरीवर आमच्या पोरांची जुंपली. लहानपणी बघितलेली अंतराळयानाची इंग्रजी मालिका आता नव्यानं आलीय. सगळा अंधार अन् मारकाट, त्यात कॅप्टन माणसं सोडून पळतो.

बाळू म्हणाला, “खरं आयुष्य असंच असतंय.”

सलीम उखडला. “आपला कॅप्टन असा न्हाई. तो म्हणायचा, आधी माणसं, मग यान.”

“हाव, म्हणायचा,” सगळेच म्हणाले.

मी गिलास आपटला. “कॅप्टन कधीच म्हणला न्हाई. इंग्रजी कुणाला येत होतं? माझा दादा टीव्हीपाशी उभा राहून मनानंच सांगायचा.”

दादाला जाऊन महिनाही झाला नाही.

मग बाळूच म्हणाला, “मग चुकी त्यांचीच. मालिका काढायच्या आधी दादाला विचारायला पाहिजे होतं.”